चांदबीबीच्या महालात झोपलेला वजीर

नगर शहरातून पाथर्डीच्या रस्त्याने पूर्वेकडे निघाले की भिंगार मागे पडते न पडते तोच समोरच्या डोंगरावर एक काळसर इमारत दिसू लागते. रस्ता वळतो, पण ती काही नजरेआड होत नाही. सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन, डब्यात पोळीभाजी बांधून कितीतरी कुटुंबे तिथे जातात. वर वारा भन्नाट असतो, खाली नगरचे सारे पठार पसरलेले दिसते. घरी आल्यावर कुणी विचारले, की कुठे गेला होतात, तर उत्तर ठरलेले असते : चांदबीबीच्या महालात!

आता खरी गोष्ट अशी, की तो महाल नाही आणि चांदबीबीचा तर नाहीच नाही. ती कबर आहे. तळघरात जो माणूस चारशे वर्षांहून अधिक काळ झोपला आहे त्याचे नाव सलाबतखान. निजामशाहीचा चौथा सुलतान पहिला मुर्तजा याचा तो वजीर. त्याने राज्य चालवले, बागा लावल्या, तलाव बांधला, वेड्या धन्याचे हट्ट पुरवले आणि शेवटी त्याच धन्याच्या एका शब्दावर आपल्या पायात आपणच बेड्या चढवल्या. एवढे सगळे करून लोकांच्या तोंडी मात्र नाव राहिले ते दुसऱ्याच कुणाचे. चांदबीबीचा मोठेपणा कमी करण्याचा इथे हेतू नाही. १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात तिने नगरचा किल्ला ज्या जिद्दीने लढवला, ती या मातीची मोठी ठेव आहे. पण शेजारच्या घरावर आपल्या नावाची पाटी लावलेली तिलाही रुचली नसती.

जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. ज्या अहमद निजामशहाच्या नावाने शहर चारशे-पाचशे वर्षे ओळखले गेले त्याचे घराणे, इतिहासकारांच्या सांगण्याप्रमाणे, पाथरीच्या एका ब्राह्मण कुळातून निघालेले. सीना नदीच्या काठी, भिंगारजवळ त्याने हे शहर वसवायला घेतले ते १४९० च्या सुमारास. बघता बघता तिथे इराणी, तुर्क, अरब, हबशी, गुजराती आणि कोकणपट्टीतून येणारे पोर्तुगीज अशी सगळ्या जगाची ये-जा सुरू झाली. चौल बंदर निजामशाहीकडे होते आणि त्याच्याच शेजारी पोर्तुगीजांचे ठाणे. विजापूर, गोवळकोंडा, बीदर, खानदेश, गुजरात आणि पुढे दिल्ली-आग्र्याचा मोगल दरबार, या सगळ्यांचे वकील नगरला येत. त्या काळी त्यांना हाजिब म्हणत. महिनोन् महिने ते मुक्काम करून राहत आणि कान डोळे उघडे ठेवून आपापल्या धन्याला बातम्या धाडत.

अशा शहरात राजवाडा म्हणजे नुसते राहायचे घर नसते. परक्या मुलखातून आलेला वकील राजाला भेटण्याआधी राजाची वास्तू बघतो. दरवाजा केवढा, पाणी किती, सावली कशी, दगड कसा बसवला आहे, यावरून तो मनाशी राज्याचे मोल ठरवतो. आजही देशोदेशींच्या वकिलाती बांधताना हाच विचार होतो. दिल्लीच्या चाणक्यपुरीत एडवर्ड स्टोन या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने आपल्या देशाची वकिलात बांधली. १९५९ च्या जानेवारीत तिचे उद्घाटन झाले. त्याने काय केले? उंच जोत्यावर इमारत ठेवली, भिंतींना जाळी दिली आणि मधोमध पाण्याचे तळे केले. जिथे घर बांधायचे तिथल्या उन्हाला आणि तिथल्या माणसांच्या सवयींना विचारून बांधावे, ही त्यामागची दृष्टी. विसाव्या शतकात तिचे फार कौतुक झाले. नगरकरांनी मात्र थोडे गालातल्या गालात हसायला हरकत नाही. कारण उंच जोते, चारी बाजूंनी पाणी आणि परक्या पाहुण्याला दिपवणारी वास्तू हा सगळा खेळ त्यांच्या गावी पावणेचारशे वर्षे आधी होऊन गेला होता. त्या वास्तूचे नाव फराहबाग. आणि ती अखेर पुरी करून घेणारा माणूस म्हणजे आपला सलाबतखान.

सलाबतखान मूळचा इथला नव्हे. तो चर्केस वंशाचा, म्हणजे काळ्या समुद्रापलीकडच्या डोंगराळ मुलखातला, असे सांगतात. शाहकुली हे त्याचे आधीचे नाव. त्या काळी दख्खनच्या सुलतानांच्या पदरी अशी दूरदेशीची माणसे पुष्कळ असत. कुणी तलवार घेऊन येई, कुणी लेखणी घेऊन, तर कुणाला गुलाम म्हणून आणलेले असे. पण दख्खनमध्ये गुलामाचा वजीर होणे ही काही अजब गोष्ट नव्हती. पुढे मलिक अंबरने तर या वाटेने किती उंची गाठता येते हे साऱ्या हिंदुस्थानला दाखवून दिले.

सलाबतखानाच्या हाती कारभार कसा आला हे समजायचे तर आधी त्याच्या धन्याची कहाणी सांगायला हवी. मुर्तजा गादीवर आला १५६५ मध्ये. त्याच वर्षी तालिकोटची लढाई होऊन विजयनगर कोसळले होते आणि त्या लुटीतले जडजवाहीर नगरच्या खजिन्यात येऊन पडले होते. राजा कोवळा, म्हणून पहिली काही वर्षे त्याची आई खुंजा हुमायून हिनेच राज्य पाहिले. १५६९ मध्ये मुलाने आईलाच कैदेत टाकले. नंतर चंगेजखान नावाचा एक कर्तबगार वजीर त्याला मिळाला. चंगेजखानाने १५७४ मध्ये वऱ्हाड जिंकून दिला आणि निजामशाहीचा मुलूख एकदम वाढला.

इथे एका वकिलाने डाव साधला. चंगेजखानाचा डोळा आता बीदरवर होता. ते टाळावे म्हणून गोवळकोंड्याच्या वकिलाने त्याला मोठी रक्कम देऊ केली. चंगेजखानाने ती नाकारली. मग वकिलाने तोच पैसा राजाच्या एका लाडक्याकडे, साहिबखानाकडे, वळवला. आणि साहिबखानाने राजाच्या कानात विष ओतले, की चंगेजखान वऱ्हाडात स्वतःच राजा व्हायला निघाला आहे. मुर्तजाने शहानिशा केली नाही. वजिराकडे विषाचा पेला गेला. आपण निर्दोष आहोत असे चार शब्द लिहून ठेवून चंगेजखान तो पेला प्याला. राजाला खरे काय ते कळले, पण तोवर फार उशीर झाला होता.

त्या दिवसापासून मुर्तजाचे मन उडाले ते उडालेच. त्याने लोकांना भेटणे सोडले. दरबार सोडला, घोड्यावर बसणे सोडले, आणि जवळजवळ एक तप तो बागेतल्या वाड्यांच्या भिंतींआड राहिला. प्रजेने त्याला दिवाना म्हणायला सुरुवात केली. याला वेड म्हणावे की पश्चात्तापाने पोखरलेले मन म्हणावे, हे आज इतक्या दुरून ठरवणे कठीण आहे. आजच्या डॉक्टरांनी कदाचित वेगळे नाव दिले असते. राज्याच्या दृष्टीने मात्र परिणाम एकच होता. गादीवर राजा होता आणि राजा नव्हताही.

अशा रिकाम्या जागेत आधी साहिबखानासारखे लोक शिरले आणि त्यांनी शहराला सळो की पळो करून सोडले. राजाचा भाऊ बुऱ्हाण याने तर राजा जिवंतच नाही असे समजून बंड केले. तेव्हा मुर्तजा हत्तीवर बसून शहरात फिरला, लोकांना तोंड दाखवले आणि बुऱ्हाणला पळ काढावा लागला. तो पुढे अकबराच्या आश्रयाला गेला. या धामधुमीत साहिबखान मारला गेला आणि १५८० च्या आसपास राज्याची सूत्रे सलाबतखानाच्या हाती आली. आधी त्याच्या जोडीला आणखी एक सरदार होता, पण थोड्याच दिवसांत एकटा सलाबतखानच उरला.

त्याच्या कारभाराविषयी आपल्याला माहिती मिळते ती प्रामुख्याने फरिश्त्याकडून. हा नामांकित इतिहासकार तेव्हा नगरलाच होता. त्याचे वडील राजपुत्राला फारशी शिकवायला आले होते आणि स्वतः फरिश्ता राजाच्या पहाऱ्यावर होता. म्हणजे ऐकीव नव्हे, डोळ्यांदेखतचे. त्याने सलाबतखानाची तोंड भरून वाखाणणी केली आहे. रस्ते निर्धास्त झाले, व्यापारी माल घेऊन बिनघोर फिरू लागले, झाडे लावली गेली, बागा उठल्या. जहुरी आणि मलिक कुम्मी हे फारशीतले दोन नाणावलेले कवी याच काळाच्या आसपास नगरच्या आश्रयाला होते. पुढे निजामशाहीचे दिवस फिरल्यावर ते विजापूरला गेले.

नगरजवळ भातवडीचा तलाव आहे. तोही सलाबतखानाचाच. नगरचा हा सारा भाग अवर्षणाचा. इथे पाऊस मोजूनमापून पडतो आणि कधी कधी तेवढाही पडत नाही, हे नगरच्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. तेव्हा इथे राज्य करणाऱ्याची खरी परीक्षा पाण्यात होते. निजामशाहीच्या लोकांना हे फार लवकर उमगले. शहराभोवतीच्या डोंगरांच्या पायथ्याशी, कापूरवाडी, शहापूर, भिंगार, वडगाव अशा ठिकाणी त्यांनी विहिरी खणल्या. तिथून भाजलेल्या मातीचे नळ जमिनीखालून शहरात आणले. यांना खापरी नळ म्हणतात. ना मोट, ना रहाट. जमिनीचा उतार एवढा नेमका साधलेला, की पाणी आपल्या पायांनी चालत यावे. मध्ये मध्ये हवा सुटावी आणि गाळ बसावा म्हणून उच्छ्वास ठेवलेले. नगरचे जुने लोक खापरी नळाच्या पाण्याची चव अजून सांगतात. फराहबागेसारखी वास्तू उभी राहू शकली ती या नळांच्या जिवावर.

आता फराहबागेकडे वळू. शहराच्या आग्नेयेला, दोन-तीन मैलांवर, एक विस्तीर्ण बाग आणि तिच्या मधोमध तळे. तळ्यात उंच जोत्यावर एक अष्टकोनी वाडा, आणि तिथे जायला पाण्यातून काढलेली वाट. हे काम सलाबतखानाच्या आधीच सुरू झाले होते. एकदा तो वाडा बांधून पुराही झाला होता म्हणतात, पण राजाला तो आवडला नाही. पाडा, पुन्हा बांधा, असा हुकूम सुटला. बांधलेले घर पाडून पुन्हा बांधणे म्हणजे काय हे ज्याने आयुष्यात एकदा तरी घर बांधले आहे त्यालाच कळेल! पैसा गेला, वर्षे गेली आणि अखेर १५८३ मध्ये आज दिसतो तो वाडा सलाबतखानाच्या देखरेखीखाली तयार झाला.

वाड्याचा नकाशा इराणी. मधोमध घुमटाचे उंच दालन, चारी दिशांना मोठ्या कमानी आणि कोपऱ्यांत खोल्या. या मांडणीला फारशीत हश्त बिहिश्त म्हणतात. आठ स्वर्ग असा त्याचा अर्थ. नगरच्या उत्तरेला याच नावाची आणखी एक बाग निजामशहांनी केली होती, यावरून ही कल्पना त्यांना किती प्रिय होती ते दिसते. समरकंद-हेरातकडे ही पद्धत रुजली, तिथून ती हिंदुस्थानात आली आणि दिल्लीला हुमायूनच्या कबरीत तिचे मोठे रूप दिसले. ताजमहालाची कल्पना शहाजहानला फराहबाग पाहून सुचली अशी एक कथा नगरमध्ये हौसेने सांगितली जाते. आपल्या गावाचा अभिमान म्हणून ती ऐकावी आणि सोडून द्यावी. तिच्यावर भिस्त ठेवू नये.

मात्र नकाशा परदेशी असला तरी घर परदेशी झाले नाही, आणि मला तर यातच सलाबतखानाच्या आणि त्याच्या कारागिरांच्या अकलेची खूण दिसते. इराणात विटा असतात आणि विटांवर निळ्या-हिरव्या चकाकत्या फरश्यांचे काम असते. नगरला काय होते? काळा पाषाण होता आणि चुना होता. तो पाषाण घडवणारे पाथरवट इथे पिढ्यान् पिढ्या राबत होते. यादवांच्या काळात याच जिल्ह्यात, टाहाकारीला, रतनवाडीला, पेडगावला, त्यांच्याच पूर्वजांनी देवळे उभी केली होती. नगरमधली दमडी मशीद १५६७ च्या सुमाराची. तिच्यावरचे दगडातले कोरीवकाम पाहिले म्हणजे या हातांत काय जादू होती ते कळते. तेव्हा फराहबागेत इराणी फरश्यांची नक्कल करण्याचा खटाटोप झाला नाही. जाड भिंती घातल्या, त्यांवर चुन्याचा गिलावा चढवला आणि त्या गिलाव्यातच नक्षी काढली. जाड भिंत ऊन अडवते, उंच घुमट तापलेली हवा वर घेतो, कमानींतून वारा फिरतो आणि चारी बाजूंचे पाणी त्या वाऱ्याला गारवा देते. वैशाखात नगरच्या उन्हात जो फिरला आहे त्याला या गारव्याची किंमत सांगायला नको.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. एवढी दिपवणारी वास्तू उभी राहिली ती कुणासाठी? कुणालाही तोंड न दाखवणाऱ्या राजासाठी. तळ्याच्या मध्यावर, एका वाटेने जोडलेला, चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला हा वाडा परक्या वकिलाला राज्याचे ऐश्वर्य दाखवत होता आणि त्याच वेळी राजाला जगापासून तोडतही होता. सलाबतखानाला हे कळत नसेल असे वाटत नाही. राजा आत, वजीर बाहेर आणि मध्ये पाणी. राज्य चालत होते ते बाहेरच्याच्या जोरावर.

बाहेर कामे थोडी नव्हती. वऱ्हाडचा सुभेदार सय्यद मुर्तजा हा सलाबतखानाचा कट्टर प्रतिस्पर्धी. १५८४ मध्ये तो फौज घेऊन थेट नगरवर चालून आला. सलाबतखानाने त्याचा पराभव केला, तेव्हा तो पळाला आणि त्यानेही अकबराचा दरवाजा ठोठावला. निजामशाहीतला प्रत्येक रुसलेला माणूस आता उत्तरेकडे जाऊ लागला होता. अकबराला दख्खनचे निमंत्रण असे घरातूनच गेले. १५८६ मध्ये मोगल फौज वऱ्हाडात उतरली, तिने एलिचपूर लुटले. पण सलाबतखानाने खानदेशच्या राजा अलीखानाशी सूत जमवले होते. दोन्ही फौजा मिळून येताहेत म्हटल्यावर मोगल सेनापतीला परत फिरावे लागले. त्या खेपेला तरी दख्खन वाचले.

विजापूरशी मात्र सलाबतखानाचे गणित चुकले. ही हकीकत एखाद्या लग्नघरातल्या मानापमानासारखी आहे. चांदबीबी ही मुर्तजाची सख्खी बहीण. तिचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झाले तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून विजापूरला गेला होता. ते शल्य नगरच्या मनात सलत राहिले. पुढे विजापूरची राजकन्या खदीजा ही मुर्तजाच्या मुलाला, मीरान हुसेनला, दिली. १५८४ मध्ये नवरी नगरला आली. विधवा झालेली चांदबीबी तिच्याबरोबर माहेरी आली. आणि सलाबतखानाने अट घातली : आधी सोलापूर परत करा, मग लग्न लावू. नवरी दारात, अन् लग्न अडलेले! दिवस गेले, महिने गेले, वर्षे गेली. विजापूरकरांनी किल्ला दिला नाही आणि सलाबतखानाने हट्ट सोडला नाही. राज्याच्या हिताची गोष्ट म्हणून त्याने ती ताणली असेल, पण त्या मुलीच्या वाट्याला काय आले याचा विचार दोन्ही दरबारांत कुणी केलेला दिसत नाही. शेवटी विजापूरने फौज सीमेवर आणली आणि निरोप धाडला, की लग्न लावा, नाहीतर आमची मुलगी परत द्या.

इकडे राजाच्या मनात वजिराविषयी आधीच अढी पडली होती. त्याला कारण झाली एक कलावंतीण. फत्तेशाह या नावाने ती ओळखली जाई. राजा तिच्यावर इतका भाळला, की खजिन्यातले दागिने तिच्याकडे वाहू लागले. एके दिवशी तिने रामराजाच्या लुटीतल्या दोन अनमोल माळा मागितल्या. राजाने हुकूम दिला. सलाबतखानाचे मन होईना. राज्याची ठेव एका नाचणारीच्या पेटीत जावी हे त्याला पटेना. त्याने दुसऱ्याच दोन माळा पाठवल्या. लबाडी उघडकीला आली. संतापलेल्या राजाने सारे जडजवाहीर एका दालनात मांडायला लावले, सगळ्यांना बाहेर काढले आणि त्या ढिगाला आग लावून दिली. लोक धावत आत आले तेव्हा गालिचे जळत होते. रत्ने बहुतेक वाचली, पण मोती गेले. सलाबतखानाने त्यातल्या सर्वांत मोलाच्या वस्तू आधीच बाजूला काढून लपवल्या होत्या, म्हणून त्या राहिल्या.

या प्रसंगात वजिराची बाजू कोणती? राजाचा हुकूम त्याने मोडला हे खरे. राज्याचा खजिना त्याने राखला हेही खरे. राजा आणि राज्य या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे ज्याला कळले त्याला राजाच्या पदरी नोकरी करणे फार जड जाते.

विजापूरची फौज सीमेवर आल्याची बातमी राजाला लागली आणि साचलेला राग बाहेर पडला. तुझ्या अवज्ञेला मी कंटाळलो, असे राजाने सलाबतखानाला सुनावले. सलाबतखानाने एवढेच विचारले, की कैदेसाठी कोणत्या किल्ल्यावर जाऊ. राजाने दंडाराजपुरीचे नाव घेतले. झाले. सलाबतखान घरी आला, त्याने आपल्या पायांत बेड्या घातल्या आणि पालखीत बसून कोकणाच्या वाटेला लागला. फौज त्याची, सरदार त्याचे, खजिन्याच्या किल्ल्या त्याच्या. राजाचे चित्त ठिकाणावर नाही, त्याचे शब्द कसले मनावर घेता, असे लोकांनी परोपरीने विनवले. त्याने ऐकले नाही.

चंगेजखान विष प्याला, सलाबतखानाने बेड्या चढवल्या. दोघांनाही बंड करता आले असते. अशी निष्ठा आज आपल्याला कदाचित खुळी वाटेल. पण परमुलखातून आलेल्या, गोतावळा नसलेल्या माणसाची सारी प्रतिष्ठा एका गोष्टीवर उभी असे, ती म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणे. ती गेली की त्याच्यापाशी दुसरे काही उरत नसे. त्या निष्ठेची किंमत राज्याने मोजली हा भाग वेगळा.

सलाबतखान गेला आणि वर्षभरात सगळे विस्कटले. नव्या कारभाऱ्यांनी घाईघाईने लग्न लावून विजापूरला शांत केले. पण मुलाला गादीवर बसवायचा घाट आहे अशा संशयाने राजाने स्वतःच्या मुलाच्या अंथरुणाला आग लावली. मीरान हुसेन कसाबसा वाचला आणि त्याला दौलताबादला नेण्यात आले. तिथून तो परतला तो सूड घेऊनच. १५८८ च्या जूनमध्ये त्याने बापाला हमामखान्यात कोंडले, दारे-खिडक्या बंद केल्या आणि खाली जाळ पेटवला. राजवाड्यावर चालून आलेल्यांनी पहारेकऱ्यांची कत्तल केली. फरिश्ता वाचला, तो केवळ राजपुत्राने आपला जुना सहाध्यायी म्हणून ओळखल्यामुळे. मीरान हुसेनही वर्षभर टिकला नाही. १५८९ मध्ये त्याचाही खून झाला. शहरात परदेशी लोकांची भीषण कत्तल झाली आणि जमालखान नावाच्या सरदाराने राजघराण्यातल्या एका मुलाला गादीवर बसवून सत्ता बळकावली.

सलाबतखान तेव्हा वऱ्हाडातल्या खेरला किल्ल्यावर होता. तिथल्या सरदारांनी त्याला सोडवले आणि सत्तरीच्या या म्हाताऱ्याला पुढे करून ते नगरवर निघाले. पैठणला जमालखानाशी गाठ पडली. सलाबतखान हरला आणि खानदेशाकडे गेला. पण आता त्याला राज्यही नको होते आणि सूडही नको होता. आपले दिवस भरत आले हे त्याला उमगले होते. त्याने शत्रूकडेच परवानगी मागितली, की मला निजामशाहीत परत येऊ द्या. जमालखानाने ती दिली, हे त्याच्या पदरी टाकायला हवे. स्वतः वसवलेल्या एका गावी सलाबतखान येऊन राहिला आणि त्याच वर्षी, १५८९ मध्ये, वारला.

त्याला शहा डोंगरावर आणले. कबर त्याने हयातीतच बांधायला घेतली होती. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच त्या माथ्यावर एक रुंद चौथरा, त्यावर अष्टकोनी तीन मजली इमारत, भोवती सज्जे आणि भिंतीच्या जाडीतून वर चढणारे जिने. फराहबागेचा अष्टकोन इथेही आहे, पण बाकी सारे गळून पडले आहे. गिलावा नाही, नक्षी नाही, पाणी नाही, बाग नाही. आहे तो नुसता घडीव काळा दगड, खालच्या डोंगराच्याच जातीचा. काम अपुरे राहिले असे म्हणतात. सात मजले चढवायचे होते, म्हणजे वरून दौलताबाद दिसले असते, अशीही आख्यायिका आहे. मला स्वतःला ती इमारत तीन मजल्यांतच पुरी वाटते. राजासाठी बांधताना जे जे घालावे लागले ते ते स्वतःसाठी बांधताना त्याने टाळले, इतकेच.

इंग्रजी अमदानीत इथली हवा चांगली म्हणून आजारी गोऱ्या शिपायांना विश्रांतीसाठी वर पाठवत. आज ही कबर आणि फराहबाग, दोन्ही पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. फराहबागेच्या तळ्यात मात्र आता पाणी नसते आणि खापरी नळही बहुतेक बुजून गेले. भिंतींवर नावे कोरणाऱ्यांचा उत्साह काही कमी झालेला नाही.

भातवडीच्या तलावाची एक हकीकत राहिली. सलाबतखान जाऊन पस्तीस वर्षे झाली होती. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरच्या एकत्र फौजा नगरच्या रोखाने आल्या आणि त्यांनी भातवडीपाशी तळ दिला. निजामशाहीचा कारभार तेव्हा मलिक अंबराच्या हाती होता. दूरदेशातून गुलाम म्हणून आलेला आणखी एक वजीर. त्याने तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीत पाणी शिरले, चिखल झाला, तोफा आणि जनावरे रुतली, आणि मग निजामशाही फौज तुटून पडली. त्या लढाईत मालोजीराजांचे दोन्ही मुलगे होते. धाकटे शरीफजी तिथेच कामी आले. थोरले शहाजीराजे तिथून नाव मिळवून बाहेर पडले. नगरच्या शहा शरीफ या पीराच्या नावावरून मालोजींनी दोघांची नावे ठेवली होती. तलाव अजून आहे. पावसाळा बरा झाला की भरतो.